लाल ठिपके

सलग तिसऱ्या रविवारी ठिपके चुकले, तेव्हा लाइल प्रुइटची खात्री पटली. कुणीतरी त्याच्या गिटारच्या पेडलाला हात लावत होतं.

ठिपके त्यानेच लावले होते, बायकोच्या नेलपॉलिशचे. त्याच्या अ‍ॅम्पच्या म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्याच्या पाठीला दोन भोकं होती. गिटारचा सूर एका भोकातून बाहेर पडायचा, वायरीने पेडलांत जाऊन माहेरपण करायचा आणि दुसऱ्या भोकातून परत यायचा. या फेऱ्यातलं शेवटचं पेडल म्हणजे खोक्यामागेच ठेवलेला, सरकत्या खुंट्यांचा एक निळा डबा. डावीकडच्या खुंट्या जाड सुरांच्या, उजवीकडच्या बारीक सुरांच्या. उजव्या दोन लाइल पार वर सरकवायचा आणि तिथेच त्याने लाल ठिपके दिले होते. नाच संपल्यावर बघावं, तर दोन्ही खुंट्या निम्म्यावर उतरलेल्या.

अ‍ॅम्पच्या मागे जाणारा माणूस एकच होता. ड्युई टॅकेट.

टल्साच्या त्या नाचघरात दर रविवारी दुपारी लाइल गिटार वाजवत आला होता, बावीस वर्षं. ड्युई मे महिन्यात दुसरा गिटारवाला म्हणून आला. वय एकतीस, जिभेवर साखर. आता सप्टेंबरात टेक्सासचा दौरा होता आणि त्यात जागा एकाच गिटारवाल्याला होती. कुणाला, ते बँडची मालकीण मार्लीन आज नाच संपल्यावर सांगणार होती.

लाइल जळत होता, त्यात लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ड्युईला टाळ्या पडल्या की याच्या पोटात दुखायचं. आणि टाळ्या तरी कशाला? त्या पोराचा सूर गोधडीखालून आल्यासारखा यायचा. हल्ली लाइलला स्वतःचा सूरही तसाच वाटू लागला होता, आणि का, ते आता कळलं होतं. शिवाय मार्लीन. ती आताशा पुटपुटायची. ड्युईशी तासन्‌तास बोलायची आणि लाइल जवळ गेला की एकतर गप्प, नाहीतर पुटपुट.

आज, चौथ्या रविवारी, दुपारी ड्युई आणि मार्लीन गाडीतळावरच्या एल्मच्या झाडाखाली उभे होते, तेव्हाही तेच झालं.

"काय म्हणालीस?" लाइलने विचारलं.

"जेवलास का, म्हटलं," मार्लीन म्हणाली.

ड्युईने कागदात गुंडाळलेलं ब्रिस्केटचं सँडविच पुढे केलं. "तुमच्यासाठी आणलंय, मिस्टर लाइल. लोणचं जास्त घालून."

"आमच्यावर फार लोभ हल्ली." लाइलने सँडविच घेतलं नाही. गळपट्टी सैल करत तो म्हणाला, "ऑगस्ट संपत आला, पण यंदा झाडावरच्या सिकाडा किड्यांचा पत्ता नाही. दर वर्षी मेले किर्र करून कान किटवतात."

ड्युईने मार्लीनकडे पाहिलं. मार्लीन चपलेने खडी उकरत राहिली.

बघा, आता साधं बोललं तरी यांच्या नजरानजरी, लाइलच्या मनात आलं. तो तडक आत गेला. खुंट्या ठिपक्यांवर नेल्या, डब्यावर सिगारच्या खोक्याचं झाकण ठेवलं आणि जाड काळ्या चिकटपट्टीने वरून सात-आठ वेढे मारले. दात लावून पट्टी तोडत होता, तेवढ्यात ड्युई मागे येऊन उभा राहिला.

"ती वायर जरा सैल दिसतेय. बघू का?"

"वायर घट्ट आहे. सैल आहे ती तुझी नियत."

ड्युईचे कान लाल झाले. "मिस्टर लाइल, आजच्या दिवस पट्टी काढा. बाकी मला काय हवं ते बोला."

"चोराने कुलूप काढा म्हणायचं म्हणजे कमालच झाली. आजपासून या अ‍ॅम्पच्या मागे दिसलास ना, तर बोटं मोडून हातात देईन."

ड्युई गेला, पण जाताना दोनदा वळून पाहिलं.

चार वाजता लाइलने पहिली तान घेतली आणि त्याला भरून आलं. सूर परत आला होता. काचेवर टिचकी मारावी तसा लख्ख. जोडपी नाचता नाचता जागच्या जागी थांबली. पहिल्या टेबलावरच्या मिसेस स्टब्लफील्ड डोकं दोन्ही हातांत धरून बसल्या. त्यांचा म्हातारा कुत्रा कधी टेबलाखालून हलत नसे, तोही उठून दाराकडे गेला. ड्युईने मान खाली घातली होती. लाइलने आणखी जोर लावला. तासभर त्याने कुणाला सोडलं नाही.

नाच संपल्यावर टाळ्या थोड्याच पडल्या. दिपले असतील, असं म्हणत तो घाम पुसत एल्मखाली आला. ड्युई आणि मार्लीन तिथेच होते. मार्लीनचे डोळे सुजले होते. तिने घडी घातलेला कागद त्याच्या हातात दिला. दौऱ्याची यादी होती, वर शुक्रवारची तारीख.

गिटार: लाइल प्रुइट.

त्याची छाती फुगली. मग त्याने खालची ओळ वाचली.

व्हॅन चालवणे आणि लाइलचा अ‍ॅम्प सांभाळणे: ड्युई टॅकेट.

"हा गिटार न वाजवता येणार? गाडी हाकायला?"

"त्यानेच मागून घेतलं," मार्लीन म्हणाली. या वेळी तिने एकेक शब्द ओठ हलवून, तोंडासमोर येऊन उच्चारला.

"माझ्या अ‍ॅम्पची वाट लावायला? का रे ड्युई?"

ड्युईने कानामागे हात धरला. "मोठ्याने बोला, मिस्टर लाइल," तो ओरडला. "इथे काही म्हणजे काही ऐकू येत नाहीये."

त्याने बोट वर केलं. लाइलने मान वर केली. एल्मच्या फांदीफांदीवर सिकाडे बसले होते, शेकड्यांनी, प्रत्येकाचं अंग थरथरत होतं, आणि झाडाखाली अगदी शांत होतं.