पाहुणचार

अल्जीरियाच्या वाळवंटातल्या तिंदूफच्या निर्वासित छावणीतल्या त्या तंबूत आई, दोन मुली, अर्धं पोतं पीठ आणि एक दुभती शेळी होती. दूध एकट्या नगियाला मिळायचं. धाकटी कुरकुरली की आई म्हणायची, "ताई पळण्यात पहिली येईल आणि आपल्यालाही इथून बाहेर काढेल."

नगियाचं पळणं बघायला शहरातून प्रशिक्षक आले. पाहुणा आला की जनावर कापायचं, ही रीत. आईने शेळी कापली.

"पोर वाऱ्याला ऐकत नाही," हाडूक चोखत प्रशिक्षक म्हणाले. "पण भरते अडतीस किलो. तीन महिन्यांत चाळीस झाली तर संघात घेतो. शेळीचं दूध पाजा रोज."

"पाजते की," आई म्हणाली. "तुम्ही अजून एक तुकडा घ्या."




तीन महिन्यांनी काट्यावर ती छत्तीस किलो भरली.