पन्नास मायक्रॉन

अण्णाप्पांनी शाफ्टवरून नख फिरवलं आणि म्हणाले, “अजून घासाय लागंल.”

म्हाताऱ्याला कमी ऐकू येत असावं, असं क्रांतीला वाटलं. “आवं अण्णा, जास्त घासूनच तर बारीक झालाय. पन्नास मायक्रॉननं. तुमी क्रोम चढवून भरून देता म्हणून आले.”

“कळलं. पर एका अंगाला चर पडलाय. खाली असंल तसंच क्रोम वर येतंय. चरावर चढवलं तर चरच मोठा हुतो. आधी सगळीकडनं सारखा करायचा.”

पन्नास मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण तेवढ्यावर क्रांतीचं सगळं अडलं होतं. साखर कारखान्याच्या पंपाचा शाफ्ट, त्यावरची बेअरिंग बसायची जागा, आणि नेमकी तीच काल तिच्या हातून जास्त घासली गेली. सहा वर्षं खोकी भरल्यावर तिला ग्राइंडिंगचं मशीन मिळालं होतं. कुपवाडच्या त्या वर्कशॉपमध्ये मशीनवर उभी राहिलेली ती पहिली बाई. सुपरवायझर दादासोंनी सकाळी सरळ सांगितलं होतं, आज साइज आली नाही तर उद्यापासून पुन्हा पॅकिंगला.

आणि हे गृहस्थ म्हणतात, अजून घास.

अण्णाप्पांच्या क्रोमच्या शेडमध्ये कोपऱ्यात एक जुनं ग्राइंडिंग मशीनही होतं. “तूच घास,” एवढं बोलून ते स्टुलावर बसले. आपलीच चूक आपल्याच हाताने वाढवायची, तीही चर जाईपर्यंत, चांगली तिप्पट. तरी क्रांतीने घासायचं चाक शाफ्टला टेकवलं. “मोज,” अण्णाप्पा म्हणाले. तिने मोजलं. “अजून धा.” तिने दहा काढले. चर गेला.

मग क्रोम नको त्या भागाला टेप तिनेच गुंडाळली, तांबड्या द्रावणाच्या टाकीत शाफ्टही तिनेच सोडला. आपल्याला शिक्षाच चालली आहे असं वाटून तिला रागही आला. तो फार टिकला नाही. दुपारी अण्णाप्पा डोळे मिटून बसले होते, ते तसेच बसल्या जागेवरून म्हणाले, “आवाज बदलला. वरची पकड ढिली झाली असंल, बघ.” तिने पाहिलं, तर खरंच ढिली होती. क्रांतीने मनातल्या मनात हात जोडले. नुसत्या फसफसण्यावरून टाकीतला बिघाड ओळखणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता.

साडेचारला शाफ्ट बाहेर निघाला, हवा त्याहून जाड. शेवटचं घासणंही तिच्याच गळ्यात पडलं.

“थोडं थोडं घास,” अण्णाप्पा म्हणाले. “आन गार झाल्याबिगर मोजू नगं. तापलेला शाफ्ट फुगतो. जाड हाय म्हणून तू घासत ऱ्हातीस, आन गार झाल्यावर बोंब.”

काल आपण घाईघाईने गरम शाफ्टच मोजला होता, हे क्रांतीला तेव्हा उमगलं. या खेपेला ती थांबली. घासलं, थांबली, मोजलं. पुन्हा घासलं, पुन्हा थांबली. शेवटी मायक्रोमीटरवर बरोबर साठ मिलिमीटर आले, हवी होती तीच साइज. दुसऱ्या बाजूने मोजलं, तरी साठच.

तेवढ्यात दादासोंचा फोन आला. “आली का साइज?”

“आली.”

“सुटलो बाबा. अण्णाप्पांचा हातच तसा हाय. दे त्यांना फोन.”

अण्णाप्पांनी फोन घेतला. “दादासो, माझा हात कसला घिऊन बसलाय? चार वर्सं झाली, मायक्रोमीटर धरता येत न्हाई मला. टेपसुदीक पोरीनं गुंडाळली. आता हितनं पुढं माझं क्रोमनंतरचं सगळं घासकाम तिच्या मशीनवर धाडीन. चालंल न्हवं?”

क्रांतीने वळून पाहिलं. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता, तरी तो कानाशी हलत होता.