लेस डूलीची जागा

कुरॅबी फुटी क्लबने, म्हणजे गावच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबने, आपल्या शंभर वर्षांतले सर्वोत्तम खेळाडू निवडून शतकसंघ काढला, आणि त्यात क्लेम हॅथर्लीला जागा मिळाली नाही. संघाच्या नावांची पाटी रंगवणाऱ्याने ही बातमी मंगळवारीच बेकरीत फोडली होती, आणि बुधवारी ती गव्हाच्या सायलो-कोठारांपाशी उभ्या असलेल्या ट्रकवाल्यांनाही माहीत होती. तरी रविवारी सगळं गाव, असं काही झालंच नाही अशा चेहऱ्याने, क्लबच्या हॉलमध्ये जेवायला जमलं. क्लेमही आला. टाय लावून, भाषण पाठ करून.

"चुकून बोलावलंच तर," तो बायकोला म्हणाला.

"चुकून," नोरीन म्हणाली आणि तिने त्याच्या ताटातला भाजका बटाटा उचलला.

अध्यक्ष ब्रेट पॅस्को माइकवर होता. चाळिशीचा होता आणि क्लबच्या इतिहासाने भारावलेला होता. इतिहास ज्यांना बघावा लागला नाही ते भारावतातच. तो एकेक नाव पुकारायचा, मागे पडद्यावर फोटो यायचा आणि खाली क्लेम त्या माणसाला निकालात काढायचा.

"हर्ब स्टॅनटन. आपला पहिला कर्णधार."

"मिशा होत्या म्हणून कर्णधार," क्लेम पुटपुटला. "चेंडू जवळ आला की घाम फुटायचा त्याला."

"तू जन्मला तरी होतास का?" नोरीनने विचारलं.

"माझ्या आजीने पाहिलंय. त्याच्यापेक्षा लांब ती मारायची म्हणे."

मग विल्फ ओक्सली आला. त्याच्या बाजूने वारा होता, आयुष्यभर. मग कोलवेल बंधू. तिघांत मिळून दोन धड गुडघे. शंभर वर्षांत या क्लबने जेवढे खेळाडू घडवले त्याहून जास्त गुडघे बिघडवले, असं क्लेमचं मत होतं. त्या सगळ्या ढिगाऱ्यावर उभा राहील असा एकच माणूस त्याला दिसत होता, आणि तो टाय लावून थंड झालेलं कोकराचं मटण खात होता.

"आणि आता," ब्रेटचा आवाज भरून आला, "या शतकाचा सर्वोत्तम खेळाडू. तीनशे चार सामने. लेस डूली."

हॉल उभा राहिला. क्लेमच्या टेबलावरचे पाच म्हातारे तेवढे बसून राहिले. त्यांना एकदम ग्रेव्हीत बघण्यासारखं काहीतरी सापडलं होतं.

लेस डूली नावाचा माणूस कधीच नव्हता. गडी कमी पडला, कुणावर बंदी आली, शेजारच्या गावचा एखादा दांडगा चोरून खेळवायचा असला, की कागदावर लेस डूली लिहायचं, अशी कुरॅबीची पद्धत. लेस कधी बेकरीवाला होता, कधी पाद्री. एका शनिवारी तर मैदानात दोन लेस होते आणि एकाने दुसऱ्याला पासही दिला. हे ठाऊक असलेली माणसं आता एका टेबलावर मावत होती. ब्रेटने जुनी वर्तमानपत्रं चाळून प्रामाणिकपणे सामने मोजले होते. आणि वर्तमानपत्राला काय, क्लब सांगेल ते छापायचं.

पडद्यावर फोटो आला. एकोणीसशे अडुसष्टची फायनल, क्लबने आजवर जिंकलेली एकमेव. डोक्याला बँडेज, एक डोळा झाकलेला, अंग हवेत, हातात चेंडू. जबडा क्लेमचा होता. पंचाची मिशी ओढल्याबद्दल त्या आठवड्यात त्याच्यावर बंदी होती. नऊ गोल त्याने त्या बँडेजमधून मारले होते.

"यात बरा दिसतोस," नोरीन म्हणाली. "तोंड कमी दिसतंय."

ब्रेट खाली उतरून क्लेमच्या खांद्यावर हात ठेवत हळूच म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस, गड्या. शेवटपर्यंत तुझा विचार चालला होता. पण मोठ्या दिवशी तू मैदानात नव्हतास. लेस होता."

ब्रेट परत माइककडे वळला, तसा क्लेम उभा राहिला. टेबलावरचे काटे थांबले.

"बस खाली," अडुसष्टचा कर्णधार टेड मॉफट दातांतून म्हणाला. "तू तोंड उघडलंस की संघटना येऊन विजेतेपदाचा झेंडा काढून नेईल. एकच आहे रे आपल्याकडे."

"नऊ गोल माझे आहेत, टेड."

"लेसचे आहेत. तू घरी बसला होतास. आम्ही सगळ्यांनी शपथेवर सांगितलंय तसं."

क्लेमने पाचही चेहरे पाहिले. एकाला कानाने कमी ऐकू येत होतं, तोही घाबरून मान हलवत होता. काय माणसं, त्याच्या मनात आलं. आणि क्लबच्या इतिहासातली ही त्यातल्या त्यात बरी.

"क्लेमला बोलायचंय," ब्रेटने माइकवर जाहीर केलं. "आणि बोलायलाच हवं. लेसच्या जागी राखीव म्हणून आपण त्यालाच निवडलंय. लेसशी अजून संपर्क झालेला नाही. त्याने माघार घेतली, तर जागा क्लेमची."

टाळ्या पडल्या. नोरीनने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती नवऱ्याकडे बघत होती. क्लेम माइकपाशी गेला. बारच्या वर अडुसष्टचा झेंडा लटकत होता. त्याच्याखाली पोरं आइस्क्रीमसाठी रांगेत उभी होती. त्याने खिशातलं भाषण चाचपलं आणि तिथेच राहू दिलं. मग घसा खाकरला.

"अध्यक्ष महोदय, सभेने रीतसर नोंद घ्यावी. श्री. लेस डूली यांना शतकसंघातून आपलं नाव मागे घ्यायचं असल्यास त्यांनी तसं समितीसमोर जातीने हजर राहून, स्वतःच्या सहीने कळवावं; तोवर जागा त्यांचीच. स्वतः येणं जमत नसल्यास, त्यांनी आपल्या नावाने दुसऱ्या कुणाला पाठवू नये, ही नम्र विनंती."