अकरा वर्षांची शिट्टी

सोमवार, दिनांक १२ फेब्रुवारी २०२४, सकाळचे साडेदहा. घाटंजी, डॉक्टर उर्वशी यांचा दवाखाना. धम्मरत्नाच्या दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला छिद्र कशाने पडले, एवढाच प्रश्न होता. आणि बाई देतील तो निर्णय उभयपक्षी मान्य, असे ठरले होते.

मोटारसायकलच्या सुट्या भागांवर क्रोमची झळाळी चढवणाऱ्या कारखान्यात धम्मरत्नाने अकरा वर्षे काढली होती. पंधरवड्यापूर्वी मालक भगवानराव यांनी त्याला नशेखोर ठरवून घरी बसवले. बातमी गल्लीभर झाली. मुलगी शाळेतून रडत आली. नोकरीपेक्षाही त्याला आपले नाव परत हवे होते.

तरी मालकाविषयीचा त्याचा आदर ढळला नव्हता. असा मालक विरळाच: सुपारीचेही व्यसन नाही, आणि कामगारांच्या आधी स्वतः क्रोमच्या वाफाळत्या टाकीशी उभा.

"मी वीस वर्सं त्याच वाफेत उभा हावो, मॅडम," भगवानराव म्हणाले. "वाफेनं नाक सडतं, तं माह्यं नसतं सडलं? हा नशेची पुडी हुंगते."

"मालक, तपकिरीलेबी कधी हात नाही लावला मी."

"मंग त्या भोकातून शिट्टी कायले वाजते रे तुह्या नाकात? मॅडम, याले काढून पंधरा दिवस झाले, तरी थे शिट्टी कारखान्यात माह्या कानात वाजूनच राह्यली. इतकी डोक्यात बसली!"

बाईंची लेखणी क्षणभर थबकली.

मग त्यांनी धम्मरत्नाला खुर्चीवर बसवले, बॅटरीच्या उजेडात नाक तपासले आणि एकेक कारण विचारले. बोट घालण्याची खोड? नाकावर मार? शस्त्रक्रिया? क्षय? कुष्ठ? प्रत्येकाला उत्तर नकाराचेच आले. एकही कारण न गाळणाऱ्या त्या चिकाटीचे धम्मरत्नाला, स्वतःच्या अब्रूचा निकाल लागत असतानाही, कौतुक वाटले.

"उरली दोन," बाई म्हणाल्या. "पुडी, नाहीतर वाफ."

 तेवढ्यात बारीक शिट्टी वाजली.

"आयका! आता काय सांगू?" भगवानराव विजयाने म्हणाले. धम्मरत्नाने ओशाळून मान खाली घातली.

"नाक चिमटीत धरा," बाई त्याला म्हणाल्या. "घट्ट. श्वास तोंडानं घ्या."

त्याने नाक दाबले.

शिट्टी वाजतच राहिली.

बाईंनी बॅटरी विझवली नाही. "यानं पुडी हुंगली नाही. भगवानराव, आता या खुर्चीवर तुम्ही बसा."