शेवटची अकरा पानं

"कुठवर आलं होतं?" तिने विचारलं आणि पलंगाशेजारच्या खुर्चीत अंग टाकलं.

"एकशे अठ्ठ्याऐंशी. सगळ्यांना संगीताच्या वर्गात बोलावलंय, तिथे," मुलगी म्हणाली.

मुलीच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. शाळेच्या प्रयोगशाळेत कसलंसं द्रावण डोळ्यांत उडालं होतं. नजर वाचली होती, पण चार दिवस पट्ट्या सोडायच्या नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आज तिसरा दिवस. बाप ट्रक घेऊन लांबच्या खेपेला गेलेला. राहता राहिली ही, बापाची दुसरी बायको, या घरात येऊन पुरतं वर्षही न झालेली.

इस्पितळाच्या लाँड्रीत दिवसभर चादरी इस्त्री करून ती आत्ताच घरी आली होती. पिंडऱ्यांत गोळे आले होते, वाफेने बोटांची टोकं सुरकुतली होती. चहा करायचाही कंटाळा आला होता, मग मोठ्याने वाचणं तर दूरच. पण या पोरीने वर्षभरात आपण होऊन काही मागितलं असेल तर ते एवढंच, आणि तेही भिंतीकडे तोंड करून: "पुस्तक अर्धं राहिलंय. तुम्हाला वेळ असेल तर." तुम्हाला. बाकी हाक मारायची वेळच ती येऊ देत नसे. काही हवं असलं की दारात येऊन उभी राही.

तिने पुस्तक उघडलं. मुखपृष्ठावर रक्ताचे थेंब आणि पळणाऱ्या तीन मुली. संगीत शिकवणाऱ्या बाईंचा खून झालेला. पोलिसांनी हात टेकलेले, आणि सोळा-सोळा वर्षांच्या तीन मैत्रिणी खुन्याच्या मागावर. पहिल्या दिवशी तिला हसू आलं होतं. आमच्या वेळी सोळाव्या वर्षी घरच्यांना न सांगता कोपऱ्यावर जाता यायचं नाही, असं ती म्हणालीही होती. काल वाचता वाचता तिला डुलकी लागली, तेव्हा मुलीने बराच वेळ वाट पाहून हलकेच विचारलं होतं, "पुढे?" आज मात्र तिलाही जाणून घ्यायचं होतं, कोण ते.

ती वाचत गेली. मुख्याध्यापक घामाघूम झाले. पहारेकऱ्याने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. तिची वाचायची सवय अशी, की तोंड एका ओळीवर आणि डोळे चार ओळी पुढे. पान उलटलं आणि डोळे पुढे जाऊन थबकले.

खून नायिकेच्या सावत्र आईने केला होता.

खाली नायिका सगळ्यांदेखत बोलत होती: ती घरात आली त्या दिवसापासून मला माहीत होतं. तिची माया वरवरची होती.

"काय झालं?"

"काही नाही. घसा कोरडा पडला."

उशाशी ठेवलेल्या तांब्यातलं पाणी ती प्यायली. मग सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "नायिकेने सगळ्यांकडे एकवार पाहिलं. ती म्हणाली, हा खून... हा खून माळ्याने केला."



"कुठल्या माळ्याने?"

"शाळेच्या. बागेतल्या."

"माळी सहाव्या प्रकरणात मेलाय."

सहावं प्रकरण तिने वाचलंच नव्हतं. परवा अकराव्यापासून तर सुरुवात केली होती.

"विहिरीत सापडला तो," मुलगी म्हणाली. "मेलेला माणूस खून कसा करेल? काय वाचतेस तू?"

तू. तिने ते ऐकलं. आपण काय म्हणून गेलो ते मुलीच्या लक्षात आलं असावं असं वाटलं नाही.

"दमले गं. ओळी इकडच्या तिकडे होतात."

"तिनेच केला ना? सावत्र आईने?"

खोटं बोलायलासुद्धा अंगात त्राण लागतं. तेवढं आता उरलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

"मग आहे तसं वाच."

तिने आहे तसं वाचलं. हातमोजे, औषधाची बाटली, जिन्याखाली लपवलेलं पत्र. नंतर दीड पानाचा कबुलीजबाब, तोही 'मी'ने सुरू होणारा. चादरींवर मारलेले नंबर वाचावेत तशा एकसुरी आवाजात ती वाचत राहिली. 'मी तिची आई कधीच नव्हते' या वाक्याला आवाज अडखळला. तिने ते वाक्य पुन्हा, पूर्ण वाचलं. मग पोलिसांची गाडी आली. तिन्ही मैत्रिणी शाळेच्या पायऱ्यांवर एकमेकींचे हात धरून बसल्या. पुस्तक संपलं.

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढत होतं. तिने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. पट्ट्यांमुळे मुलीच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"तुला आधीच कळलं होतं?" शेवटी तिने विचारलं.

"चाळिसाव्या पानावर. अशा पुस्तकांत सावत्र आई असली की बहुतेक वेळा तीच असते."

"मग एवढं वाचत कशाला राहिलीस?"

मुलगी पांघरुणाची कड चाचपत राहिली.

"दर वेळी वाटतं," ती म्हणाली, "या वेळी तरी ती नसावी."