पहिल्या लेकराचं नाव

जिन्याशी चपला काढताना युखामनं हातातला सहलीचा पिवळा झेंडा तोंडासमोर धरला. पण आई वर कठड्याशीच उभी होती. नेसूची लुंगी धुतलेली, अंबाड्यात ताजं फूल. तिनं लेकीला पाहिलं आणि हसू आवरलं.

युखामच्या मागं बावीस पाहुणे होते, उत्तर चीनच्या थंडीतून दक्षिण टोकाच्या शिश्वांगबान्नाचं जंगल आणि दाई लोकांची गावं बघायला आलेले. सगळ्यांच्या शेवटी सहलकंपनीच्या तपासनीस लूबाई, हातात वही घेऊन.

जेवणाचं घर खरं तर कोपऱ्यावरचं ठरलेलं. पण तिथले आजोबा अत्यवस्थ होते, भिक्खू सूत्रं म्हणायला आले होते. गावच्या कचेरीतल्या माणसानं तिथूनच बोट दाखवलं, आज त्या घरी जा. त्याच वेळी युखामला सांगता आलं असतं, की ते माझ्या आईचं घर आहे. पण स्वतःच्या गावची सहल कंपनी कुठल्याच गाइडला देत नसे. अर्जावर तिनं आपण शहरातल्या आहोत असं लिहिलं होतं. असंच लिहिणाऱ्या दोघींना मागच्या महिन्यात घरी बसवलं होतं. आणि आज लूबाईंची सही झाली, की ती नोकरीत कायम होणार होती.

ती मोठ्यानं म्हणाली, "मावशी, पाहुणे आलेत. जागा होईल ना बसायला?"

आईनं क्षणभर खांबाला हात लावला. मग म्हणाली, "होईल की. या, सगळे वर या. झेंडेवाल्या बाई, तुम्हीही बसा."

आईला हे अगदीच नवं नव्हतं. आठ महिने युखाम झेंडा घेऊन याच गल्लीतून जात होती. घराखाली मागावर बसलेल्या आईला तिनं बजावून ठेवलं होतं, हाक मारायची नाही. आईनं कधी मारली नाही. फक्त वाटसरूंसाठी भरलेल्या रस्त्याकडेच्या माठावर रोज केळीच्या पानात बांधलेला चिकट भात असायचा. पाहुणे पाणी पीत असताना युखाम ती पुडी पिशवीत टाकायची आणि मागं न बघता पुढं निघायची.

चुलीभोवती पंगत बसली. भात, आंबवलेले बांबूचे कोंब, नदीतलं शेवाळ तळून केलेले कुरकुरीत पापड. एक जाडजूड गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे टाकीत शेवाळ धरलं तर बायको आठवडाभर बोलते, इथं पाहुण्याला वाढतात. मग त्यांनी तिसऱ्यांदा मागून घेतलं. आई हसत वाढत होती. स्वतः काही खात नव्हती. पौर्णिमा होती. सकाळीच विहारात बसून तिनं दिवसभराचे नेम घेतले होते. दुपारनंतर अन्न नाही, खोटं बोलणं नाही.

आतल्या खोलीत डोकावू नका, तिथं फक्त घरचे जातात, असं युखामनं सगळ्यांना सांगितलं आणि त्याच दाराकडे पाठ करून बसली. दारापलीकडे तिचं अंथरूण होतं, खुंटीला तिचं शाळेचं दप्तर.

लूबाईंनी वही उघडली. नव्या घराची नोंद करायची होती.

सकाळी बसमध्ये युखामनं सगळ्यांना हसवलं होतं. आमच्याकडे पोरं जन्मल्या जन्मल्या आईबापांचं नाव चोरतात, ती म्हणाली होती. पहिलं लेकरू झालं की बाई अमक्याची आई, बुवा अमक्याचा बाप, मग मरेपर्यंत तेच. अख्ख्या बसकडून तिनं ते दाई शब्द घोटून घेतले होते. चुकेल त्याला गाणं म्हणायला लावलं होतं.

"मग मावशी," लूबाईंनी कौतुकानं विचारलं, "तुम्ही कुणाची आई?"

युखामच्या हातातला भाताचा घास हातातच राहिला.

आईनं पातेलं खाली ठेवलं. "मला मूल नाही, बाई," ती म्हणाली. "मी नुसती युबो."

ते नाव युखामनं सरकारी कागदावर पाहिलं होतं. कुणाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. सव्वीस वर्षांपूर्वी ती जन्मली, त्या दिवशी आईनं ते सोडून दिलं होतं. आज, पौर्णिमेच्या दिवशी, नेम मोडून आईनं ते परत घेतलं. लूबाईंनी ते नीट लिहून घेतलं.

निरोपाआधी आई प्रत्येकाच्या मनगटाला पांढरा दोरा बांधू लागली. गाठ मारायची, तोंडातल्या तोंडात आशीर्वाद पुटपुटायचा आणि पुढं सरकायचं. शेवटी ती युखामपाशी आली. पाहुण्याला बांधावा तसा दोरा गुंडाळू लागली.

खाली अंगणात कुणीतरी खाकरलं. शेजारचे ऐतानचे बाबा होते.

"युखामच्या आई, तुमची छत्री विहारातच राहिली होती."

हाक दाई बोलीतली होती, पण तेवढे दोन शब्द आता सगळ्यांना पाठ होते. माना जिन्याकडे वळल्या. आईनं मान वर केली नाही. ती गाठ मारत राहिली आणि गाठ सुटत राहिली.

"अहो युखामच्या आई, घरात आहात ना? का कान गेले एकदम?"

लूबाईंचं पेन वहीवर थांबलं. त्यांनी युखामच्या छातीवरचा नावाचा बिल्ला पाहिला, मग आईकडे पाहिलं. आईची बोटं अजून दोऱ्यातच होती.

युखामनं दुसरा हात त्या बोटांवर ठेवला.

"आई," ती म्हणाली, "तुला बोलावतायत. ओ दे."