विधवेची कळ

जिन्याच्या कठड्यावर कोपर असं आपटलं, की झिणझिण्या स्वीडनहून थेट सोलापूरला पोचल्या. शेजारची गुनवोर, तीही माझ्यासारखीच विधवा, चटकन म्हणाली, "एंकेस्टोट!"

नात अडखळली. "आजी, कोपराच्या ह्या कळेला इथं म्हणतात... विधवेची कळ. जोरात येते, पण लगेच जाते."

हे गेल्यावर मी लेकीकडे आले, पण घरात ह्यांचा विषय कुणी काढेना, मी रडेन म्हणून. मी तर बोलायला आसुसलेली.

मी नातीला म्हटलं, "विचार तिला, तिची गेली का?"

गुनवोरनं हळूच नकारार्थी मान हलवली. माझं कोपर चोळत तिनं विचारलं, "तुझे कसे होते?"

"सांग गं, वाघाच्या मिशीला पीळ द्यायचे!"

गुनवोर गंभीरपणे म्हणाली, "माझे अस्वलाची दाढी करून द्यायचे."